लेप आणि ओल

सुरतेचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या मनात पहिल्याने १६६४ सालचा जानेवारी महिना उभा राहतो. त्यामागून १६७० ची दुसरी स्वारी येते; आणि राजकारणाची आवड असेल तर डिसेंबर १९०७ मध्ये काँग्रेसच्या मंडपात उडालेला तो प्रसिद्ध जोडाही आठवतो. इतिहासाने हे सारे मानाने नोंदून ठेवले आहे. परंतु ज्या जमिनीवर बसून विरजी व्होरासारखे सावकार सात समुद्रांचा व्यापार पाहत, ती जमीन कशाची होती, तिच्यावर कोणता लेप होता आणि तो कोणाच्या हातांनी दिला होता, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. भिंतीवरचा लेख माणूस थांबून वाचतो, दारावरच्या नक्षीपुढे मान वर करतो. जमिनीवरून मात्र तो चालून जातो.

मलाही हा प्रश्न एखाद्या ग्रंथालयात सुचला नाही. तो सुचला सुरतेतील माझ्या घराच्या मोटारखान्यात. तेथील सिमेंटच्या जमिनीवर मी मोठ्या हौसेने इपॉक्सीचा चकचकीत लेप करवून घेतला होता आणि पुढल्याच श्रावणात तो पापडासारखा फुगून सुटू लागला. झाल्या फजितीचे कारण शोधता शोधता मी बराच मागे गेलो. तो प्रवास वाचकांपुढे मांडावा, इतकाच या लेखाचा हेतू.

आपल्या प्रदेशातील सर्वांत जुना लेप शेणाचा. माझी आई पेडण्याची. तिच्या माहेरी पाऊस सरला की अंगण नव्याने करीत. शेवाळलेला थर खरवडून काढावयाचा, माती भिजवून सपाट करावयाची, चोपण्याने ती चोपून घट्ट करावयाची, वाळू द्यावयाची आणि मग शेणाचा हात फिरवावयाचा. मराठीत आपण याला सारवणे म्हणतो, कोंकणीत सारोवप. शेणातील बारीक तंतू माती धरून ठेवतात, धूळ बसते, पायाला मऊपणा येतो. पण हा लेप आठवड्याचा पाहुणा असे. दर आठ दिवसांनी कोणीतरी ओणवे होऊन तो पुन्हा द्यावा लागे. ते कोणीतरी म्हणजे घरातील स्त्री, हे सांगावयास नकोच. त्या लेपाची टिकाऊ बाजू एकच होती, आणि ती म्हणजे तिची पाठ.

त्याच्या पुढची पायरी चुन्याची. कळीचा चुना विरवावयाचा, दिवसचे दिवस मुरू द्यावयाचा, बैलाच्या घाणीत वाळूबरोबर किंवा विटांच्या भुकटीबरोबर मळावयाचा, त्यात गुळाचे पाणी किंवा बेलफळाचा चीक घालावयाचा, आणि मग कोबा करून तो कुटावयाचा. कुटणे हेच त्यातील मर्म. सुरतेहून खंबायतचे आखात ओलांडले की सौराष्ट्राचा किनारा लागतो. तेथील चोरवाडकडच्या कोळी स्त्रिया लांब दांड्याच्या, टोकाला लाकडी ठोकळा बसवलेल्या टिपण्या घेऊन समोरासमोर ओळीने उभ्या राहत आणि गाण्याच्या ठेक्यावर चुन्याची जमीन टिपीत. आज 'टिपणी' हे एक लोकनृत्य म्हणून रंगमंचावर येते व प्रेक्षक टाळ्या वाजवतात. त्या नृत्यातील प्रत्येक पदन्यास एके काळी मजुरीचा होता, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल?

सुरतेचा तर लेपाशी जन्मापासूनच संबंध, कारण सुरत ही पाण्याच्या तोंडाशी वसलेली नगरी. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना आळा घालण्यासाठी सोळाव्या शतकाच्या मध्यास खुदावंद खानाने तापीकाठी किल्ला बांधला. त्याच्या दगडांचे सांधे वितळलेल्या शिशाने भरले होते, असे जुने इतिहासकार सांगतात. येथील जहाजे बांधणाऱ्या कारागिरांची तर सारी विद्याच सांधे बुजवण्याची होती. फळ्यांच्या फटींत राळ भरावयाची आणि तळाला चुना व तेल यांचा लेप द्यावयाचा, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा दूर राहतो. हीच विद्या घेऊन लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस गेले आणि त्यांच्या घराण्याने मुंबईची गोदी जगात गाजवली. या घराण्याने सागवानात बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ते आजही तरंगत आहे.

सुरतेच्या घरांना मात्र हे भाग्य लाभले नाही. एप्रिल १८३७ च्या आगीत नऊ हजारांहून अधिक घरे जळाली आणि त्याच वर्षी तापीचा पूरही आला. आगीची राख निवते. पुराची ओल जमिनीत शिरून बसते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतेक भाग बुडाला, तेव्हा हाच धडा नव्या पिढीने गिरवला. पाणी उतरले, गाळ उपसला, भिंती रंगवल्या. तळमजल्याची जमीन मात्र पुढे कित्येक महिने आपली साक्ष देत राहिली.

येथे माती-चुना आणि आजचे लेप यांतील एक मूलभूत भेद ध्यानात घेतला पाहिजे. मातीची व चुन्याची जमीन ओलीला वाट देते. खालून वर आलेला दमटपणा तिच्यातून हळूहळू हवेत निघून जातो. ती पाण्याशी भांडत नाही, तडजोड करते. म्हणूनच ती झिजते, डागाळते, पुन्हा पुन्हा हात मागते. पण फुगून सुटत नाही.

सिमेंटने ही तडजोड मोडावयास प्रारंभ केला. आपल्याकडे पोरबंदरचा सिमेंटचा कारखाना १९१४ मध्ये सुरू झाला. पुढे पागेच्या जागी मोटारखाना आला, घोड्याच्या टापांच्या जागी रबरी चाके आली. सिमेंटची जमीन दिसावयास दगडासारखी असली तरी तिला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. गाडीतून ठिबकलेले तेल ती पिऊन टाकते, चाकांखाली तिची पिठी उडते, आणि एकदा पडलेला डाग जन्माचा सोबती होतो. तिला कवच हवे होते.

ते कवच आले, पण फार आडवाटेने. पियरे कास्तां नावाचा स्विस रसायनशास्त्रज्ञ नकली दातांसाठी एखादा पदार्थ शोधीत होता. १९३८ मध्ये त्याने एका नव्या कृत्रिम राळेच्या पेटंटसाठी अर्ज केला. दंतवैद्यांनी तिचे फारसे स्वागत केले नाही. पण बाझेलच्या सिबा कंपनीने ते हक्क घेतले आणि १९४६ मध्ये तेथील औद्योगिक प्रदर्शनात 'अरल्डाइट' या नावाने ही राळ लोकांपुढे ठेवली. अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली हाही त्याच सुमारास त्याच वाटेने, रंगलेपांच्या दिशेने, चालला होता. या राळेच्या रेणूच्या टोकांशी प्राणवायूचा एक अणू दोन कार्बनांना धरून ताणलेल्या कडीसारखा बसलेला असतो. दुसऱ्या डब्यातील द्रव्य, ज्याला व्यवहारात हार्डनर म्हणतात, ते मिसळले की ही कडी उघडते, रेणू रेणूला जखडतो आणि द्रवाचे घट्ट कवच होते. ते पुन्हा वितळत नाही. तेलाला, मिठाला, सौम्य आम्लाला दाद देत नाही. दातांसाठी निघालेली वस्तू अशी पायाखाली आली.

आणि तिचे भारतातील घर कोठे असावे? कस्तुरभाई लालभाई यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या अतुल कारखान्याचे उद्घाटन मार्च १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. वलसाडजवळ पार नदीकाठचे ते ठिकाण तेव्हा मुंबई राज्याच्या सुरत जिल्ह्यात होते. वलसाड जिल्हा वेगळा झाला तो त्यानंतर. १९६० मध्ये, म्हणजे महाराष्ट्र व गुजरात वेगळे झाले त्याच वर्षी, अतुल आणि सिबा यांची भागीदारी होऊन 'सिबातुल' कंपनी निघाली आणि इपॉक्सी राळ या भूमीत तयार होऊ लागली. आज हिरे, कापड व औषधे यांच्या कारखान्यांत अशा सांधेरहित जमिनी दिसतात. ज्या शहरात झारेकरी जरीवाल्यांच्या दुकानांतली धूळ धुऊन सोने वेचीत आले, तेथे सांधा नसलेल्या जमिनीची किंमत कोणी कोणाला समजावून सांगावी?

आता माझ्या फजितीकडे वळतो. मी लेप करवला तो भाद्रपदाच्या अखेरीस. जमीन डोळ्यांना कोरडी दिसत होती. ठेकेदाराने ती झाडली, पुसली आणि दोन दिवसांत काम पुरे केले. पाच वर्षांच्या हमीचा कागद मिळाला. त्याच्या शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत जमिनीतील ओलाव्याची जबाबदारी वगळलेली होती. दुसऱ्यांचे करारनामे ओळ न् ओळ वाचण्याचे मी पैसे घेतो. स्वतःचा कागद मात्र मी घडी घालून कपाटात ठेवला होता. पुढल्या पावसाळ्यात रुपयाएवढे फोड आले, मग चाकांच्या वाटेवरचा लेप सालीसारखा निघाला. मी नोटिशीचा मसुदा तयार केला.

याच सुमारास गच्चीच्या दुरुस्तीसाठी एक वृद्ध गवंडी आले. खानदेशातून सुरतेत येऊन उधना-लिंबायतकडे स्थायिक झालेल्या हजारो मराठी कुटुंबांपैकी त्यांचे एक. त्यांनी मोटारखाना पाहिला, काही बोलले नाहीत. सायंकाळी उघड्या पडलेल्या सिमेंटवर त्यांनी हातभर प्लॅस्टिकचा तुकडा अंथरला व चारही कडा पट्टीने चिकटवल्या. सकाळी तो उचलला तर खालच्या बाजूस थेंब जमलेले आणि सिमेंट काळवंडलेले. "साहेब, खाले पानी शे," एवढेच ते म्हणाले.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम आम्ही वकील नेहमी उद्धृत करतो. विक्रेत्यास ठाऊक असलेला, पण खरेदीदारास साध्या दक्षतेने न दिसणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड केला पाहिजे, असे ते कलम सांगते. हा दोष मात्र कोणी लपवला नव्हता. तो कोणी शोधलाच नव्हता. एका रात्रीचा आणि एका प्लॅस्टिकच्या तुकड्याचा प्रश्न होता. ठेकेदाराने ती रात्र वाचवली आणि मीही ती मागितली नाही. मसुदा मी फाडला. दोघांनी मिळून निम्मा निम्मा तोटा सोसला.

दुसऱ्या वेळी आम्ही वैशाखापर्यंत थांबलो. बाहेरच्या पन्हळीचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी मुरत होते, ते दूर वळवले. प्लॅस्टिकची परीक्षा तीनदा केली. मग यंत्राने सिमेंटचा वरचा कच्चा पापुद्रा घासून काढला, भेगा भरल्या, धूळ शोषून घेतली, अस्तराचा हात दिला आणि त्यावर दोन हात. कालवलेले मिश्रण डब्यातच तापू लागते व थोड्या वेळात निरुपयोगी होते. म्हणून लागेल तेवढेच कालवावयाचे. सात दिवस गाडी बाहेर उभी केली. खरे काम लेपाचे नव्हतेच. ते त्यापूर्वीच्या घासण्याचे आणि वाट पाहण्याचे होते. अंगण चोपणाऱ्या, चुना टिपणाऱ्या स्त्रियांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. पहिल्या खेपेस डबे कालवणाऱ्या पोराच्या हातात मोजे नव्हते. हार्डनरमधील द्रव्यांनी कातडी सोलते, पुरळ उठते आणि पुढे तर नुसत्या स्पर्शानेही त्रास होतो. कोंकणात व गोव्यात होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल चोळतात. ते तेलही लाकूड राखते आणि हात भाजते. गंमत अशी की त्याच तेलातील कार्डानॉल या द्रव्यापासून आता इपॉक्सीचा एक हार्डनर बनवतात आणि तो दमट हवेतही नीट बसतो. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला काजू, आपल्या होडीवाल्यांचा अनुभव आणि स्विस रसायनशास्त्र यांचा संगम माझ्या मोटारखान्यात झाला. लेपाचे शास्त्र एवढे पुढे गेले. लेप देणाऱ्या हाताची काळजी मात्र जेथल्या तेथेच राहिली. दुसऱ्या खेपेस मोजे मी स्वतः आणून दिले. त्यात थोरपणा काही नाही. पहिल्या खेपेस दिले नाहीत, ही उणीवच तेवढी खरी.

दोन पावसाळे गेले. लेप अजून जागेवर आहे. तो कायमचा राहील असे मी लिहून देणार नाही. लिहून देण्याच्या बाबतीत आमची जात सावध.

गेल्या दिवाळीत आईने त्या चकचकीत जमिनीवर रांगोळी घालून पाहिली. रेघ ठरेना, दारातून आलेल्या वाऱ्याने ती सरकत राहिली. आई काही बोलली नाही. तिने शेजारच्या गोठ्यातून शेण मागवले, उंबऱ्याबाहेरची हातभर माती सारवून घेतली, ती वाळेपर्यंत पायरीवर बसून राहिली, आणि मग तीवर ठिपके मांडले.