भुकेचे देणे



स्त्रियांच्या स्थूलपणाची गोष्ट निघाली, की सुखवस्तू घरातील आळसाचे चित्र डोळ्यांपुढे आणण्याची आपल्याला सवय आहे. भांडगावच्या या मुलुखाचा इतिहास त्या चित्राशी जुळत नाही. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ येथे पडला, १९७२ चाही पडला. १९७२ साली बायका दुष्काळी कामांवर खडी फोडीत आणि सुकडीवर दिवस काढीत. त्यांच्याच लेकी-नातींचे वजन आज का वाढावे?

याचा धागा आपल्याच जिल्ह्यात सापडला. शिरूर तालुक्यातील वढू येथे ज्याचे ग्रामीण केंद्र आहे, त्या पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास आरंभिला. गरोदरपणापूर्वी त्या मातांचे वजन सरासरी सुमारे ४२ किलो होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांच्या अंगी स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. पोटातच उपासमार सोसलेले शरीर पुढे अन्न मिळू लागताच चरबी साठविते. स्थूलपणा हा असा भुकेचाच वारस आहे.

म्हणून उपाय चाळिशीत सुरू करून भागत नाही. मुलीच्या ताटात मुलाइतकीच डाळ आणि दूध हवे, आणि खेळायला मैदान हवे. सासुरवाशिणीने सर्वांच्या मागून उरलेले खाण्याची रीत मोडली पाहिजे. याच अभ्यासात पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेणाऱ्या मातांची बाळे अधिक वजनदार निघाली. गरोदरपणी उपाशी राहून वजन उतरविणे सर्वथा वर्ज्य. डिंकाचे लाडू जात्यावर व शेतात राबणारीसाठी होते. दिवसभर बसून काम करणारीने ते बेताने खावेत. पाळी जाण्याच्या सुमारास चरबी पोटावर येते. तेव्हा कंबर ८० सेंटीमीटरच्या आत राखावी, रोज झपाझप चालावे, स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. साबुदाण्याच्या खिचडीचा उपवास हा त्यावरचा इलाज नव्हे.

पण चालायला वेळ कोठून आणावा? आम्ही कामगार चळवळीतली माणसे हा प्रश्न सोडू शकत नाही. मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९२९ मध्ये झाला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवडे दिले, २०१७ च्या दुरुस्तीने २६. कंत्राटावर राबणारीच्या पदरात त्यातले किती पडते, ते तिलाच विचारावे. पाळीहून परतून चूल पेटविणाऱ्या बाईला ‘व्यायाम कर’ म्हणणे सोपे आहे. घरातल्या पुरुषाने सायंकाळी अर्धा तास चूल सांभाळावी आणि संघटनेने तिची रजा व रास्त पगार मिळवून द्यावा. पिढ्यांचे हे देणे तिने एकटीने का फेडावे?