कलमाचा इतिहास : कोय, काडी आणि अंगणातला आंबा

आज आपण कलमाबद्दल बोलणार आहोत. विश्रांतवाडीत जुने अंगणवाले बंगले जाऊन तिथे सोसायट्या उभ्या राहतायत. अंगणातला रायवळ आंबा तोडायची वेळ आली की घरचे म्हणतात, ‘कोयी ठेवल्यात, गावाकडे लावू.’ घोटाळा इथेच आहे. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून तयार होतो. म्हणजे कोयीतून उगवतं ते त्या झाडाचं मूल, तेच झाड नव्हे. तीच चव पुन्हा हवी असेल तर फांदी घ्यावी लागते.

ही विद्या पोर्तुगीजांनी आणली, असं आपण सर्रास ऐकतो. ते अर्धंच खरं आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे. शेण लावून फांदी दुसऱ्या झाडाच्या मुळावर किंवा खोडावर बसवायची, असं त्यात सांगितलंय. त्या यादीत फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष आहेत; आंबा मात्र नाही.

आंब्याला ही विद्या मोठ्या प्रमाणावर लागू झाली ती १५१० नंतरच्या गोव्यात. त्याचं श्रेय साधारणपणे जेझुइट पाद्र्यांना दिलं जातं. ‘हापूस’ हे नाव अफोन्सो द अल्बुकर्कवरून आलं, असं मानतात. ‘कलम’ हा शब्द मात्र अरबी-फारसीतून आलेला. लेखणीसाठी बोरू कापतात, तशी काडी कापायची. फळांवर नावं साहेबांची आणि पाद्र्यांची राहिली. झाडावर चढून कलमं बांधणाऱ्या माळ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

पुण्यात हा धागा गणेशखिंडीच्या बागेत सापडतो. तिथे काम केलेल्या जी. मार्शल वुड्रो यांनी आंब्याच्या जातींवरचं पुस्तक १९०४ मध्ये प्रसिद्ध केलं. विश्रांतवाडीहून होळकर पुलावरून खडकीमार्गे गेलात, तर ही बाग काही फार लांब नाही.

त्या काळची पद्धत भेट कलमाची. रोपाची कुंडी मातृवृक्षाच्या फांदीपर्यंत न्यायची, त्यासाठी मांडव घालायचा, दोघांची साल तासून बांधायचं आणि दोन-तीन महिने थांबायचं. म्हणजे कलम हवं तर झाडापाशीच जायला हवं, आणि झाड बहुधा बागवाल्याचं!

कोय कलमाने हे बदललं. कोकणातल्या कृषी संशोधनातून ही पद्धत घराघरात पोचली. पावसाळ्यात कोय रुजवायची. पंधरा दिवसांचं तांबूस पानांचं रोप मध्ये चिरायचं, तीन-चार महिन्यांच्या काडीला पाचरीसारखा आकार देऊन त्यात बसवायचं आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. आता झाडाने जागा सोडायची गरज नाही. काडी ओल्या फडक्यात गुंडाळून प्रवास करते.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. हापूसला राखणारे पुष्कळ आहेत. तुमच्या अंगणातल्या बिननावाच्या रायवळाचं जगात एकच झाड आहे. ते पाडायचं ठरलं असेल, तर कुऱ्हाडीच्या आधी काड्या घ्या. दहा कलमं बांधलीत तर त्यातली काही मरतील, पण एक जगलं तरी ते तेच झाड असेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.