दासगाव बंदरात उतरलेला प्रश्न

२५ डिसेंबर १९२७ च्या दुपारी 'पद्मावती' बोटीने डॉ. आंबेडकर आणि त्यांची मंडळी महाडच्या सत्याग्रहासाठी दासगाव बंदराला लागली. सावित्रीच्या खाडीत त्यांच्यासोबत युरोपातलं एक जुनं भांडणही आलं होतं, असं मला नेहमी वाटतं.

नियम पाळला म्हणजे माणूस नीतीनं वागला का? ॲरिस्टॉटलची भिस्त सवयींनी घडवलेल्या चांगल्या माणसावर होती. कांटनं १७८५ मध्ये सांगितलं, जो नियम सगळ्यांना लागू व्हावा असं म्हणता येईल त्यानंच वागा. पुढे १७९७ मध्ये त्यानं ते इतकं ताणलं, की मित्राला मारायला दारात आलेल्या खुन्याशीसुद्धा खोटं बोलायची मुभा उरली नाही! बेंथॅमनं १७८९ मध्ये सरळ सुखदुःखाचा जमाखर्च मांडला. मिलनं त्यात सुखाची प्रतवारी घातली, वही तीच ठेवली.

ड्यूई आणि टफ्ट्स यांचं 'एथिक्स' १९०८ चं. त्यात म्हटलंय, नियम काय करायचं ते सांगतो. तत्त्व प्रसंगाकडे कुठून बघायचं एवढंच दाखवतं, ठरवायचं तुम्ही. कोलंबियात आंबेडकर ड्यूईंचे विद्यार्थी होते. १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी हाच भेद हिंदू धर्माला लावला. ते मुळात लाहोरसाठी लिहिलेलं भाषण. बोलावणाऱ्या मंडळानं मजकूर वाचून कच खाल्ली.

महाडात मात्र हा भेद आधीच कसाला लागला होता. तिथलं चवदार तळं नगरपालिकेनं अस्पृश्यांना खुलं केलं होतं, पण ठरावापुरतं. २० मार्च १९२७ ला आंबेडकरांनी सगळ्यांसह तिथलं पाणी घेतलं. डिसेंबरात फत्तेखान यांच्या जागेत सत्याग्रहाचा मांडव उभा राहिला आणि २५ च्या रात्री आंबेडकरांचे सहकारी सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृती जाळली गेली. मग खरी अडचण: तळ्यावर जायला कोर्टाची मनाई. नियमांचा ग्रंथ जाळणाऱ्यांनी हा नियम का पाळावा? हजारो माणसं तुरुंगात जायला तयार होती. आंबेडकरांनी सत्याग्रह तहकूब केला. तळ्याभोवती मिरवणूक निघाली, पाण्याला हात लागला नाही. अनेकांचा विरस झाला. माघार म्हणणाऱ्यांनी म्हणावं; मला तो तत्त्वानं घेतलेला निर्णय वाटतो. मनुस्मृतीनं माणसाची प्रत ठरवली होती. कोर्टात निदान भांडता येत होतं.

ते भांडण मुंबई हायकोर्टात अस्पृश्यांच्या बाजूनं निकालात निघालं मार्च १९३७ मध्ये. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' तोवर छापून झालं होतं.