परमुलुखातील शिक्षिका

करमाळे तालुक्यात, उजनीच्या जलाशयाच्या काठी, माझ्या मामेबहिणीचे सासर आहे. आजचे गाव हे मूळचे नव्हे. उजनीच्या धरणाचा पाया १९६६ साली घातला गेला व १९८० साली काम पुरे झाले. तेवढ्या अवधीत भीमेच्या दोन्ही तीरांवरील अनेक गावांस आपली देवळे, चावड्या आणि काळ्या जमिनी सोडून माळावर बिऱ्हाडे थाटावी लागली. पैलतीरी पळसदेवचे जुने हेमाडपंती देऊळ पाण्यात गेले. दुष्काळी उन्हाळ्यात ते वर येते, आणि म्हातारी माणसे नातवंडांस घेऊन दर्शनास जातात.

काही वर्षांपूर्वी ह्या गावच्या शाळेत हॉलंडमधील एक तरुण शिक्षिका तीन महिन्यांसाठी विनावेतन इंग्रजी शिकविण्यास आली. ती बहिणीच्या घरी उतरली, आणि घरात इंग्रजी जाणणारा माणूस म्हणून दुभाष्याचे काम मजकडे आले. पहिल्याच संध्याकाळी ओसरीवर जमलेल्या बायकांनी तिला तीन प्रश्न विचारले: लग्न झाले का, घरच्यांनी एकटीला कसे सोडले, आणि भाऊ किती. चौथा प्रश्न पगाराचा होता. मी ते शक्य तितके सौम्य करून सांगितले. तरी तिचा चेहरा उतरलेला मला दिसला. तिच्या देशी हे प्रश्न सलगीच्या माणसानेही जपून विचारावयाचे. आमच्याकडे ते न विचारणे हाच तुटकपणा होय.

त्या रात्री मला सिंथिया फेरार हिची आठवण झाली. इतिहासाचे अध्यापन करणाऱ्या माणसास ही खोडच असते. समोरच्या माणसाचा पूर्वज तो दप्तरात शोधू लागतो.

फेरारबाई १८२७ च्या अखेरीस मुंबईस उतरली, तेव्हा ती ३२ वर्षांची होती. न्यू हॅम्पशायर प्रांतातील एका खेड्यात जन्मलेली, पेशाने शिक्षिका, आणि अविवाहित. अमेरिकन बोर्डाने समुद्रापार धाडलेल्या अविवाहित स्त्रियांत तिचे नाव अगदी आरंभी येते. मिशनऱ्याच्या पत्नीने नवऱ्याबरोबर जावे हे त्या मंडळींस मान्य होते. एकट्या बाईने जावे हे नव्हते. म्हणजे ओसरीवरचा तो प्रश्न तिला तिच्या स्वतःच्या देशातच प्रथम भेटला होता. इकडे आल्यावर तो मराठीत पुनः भेटला असेल एवढेच. आणि ते मराठी तरी शिकावे कशावरून? ज्या मोल्सवर्थच्या कोशावाचून पुढील साहेबांचे पान हलेना, तो छापून बाहेर पडला १८३१ साली.

तिच्यासमोर जे शिक्षणाचे जग होते त्याचाही थोडा विचार केला पाहिजे. गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. धूळपाटीवर अक्षरे गिरवावयाची, मोडी वळवावयाची, आणि दिवेलागणीस परवचा म्हणावयाचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी अपूर्णांकांची उतरंड मुले तालासुरात घोकीत. पाश्चात्य शिक्षकास ह्यात केवळ घोकंपट्टी दिसे. ती घोकंपट्टी होती हे खरे. परंतु बाजारात साडेतीन पायल्यांचा भाव न अडखळता सांगणारा कुणबी तीतूनच तयार होई, हेही खरे. ह्या साऱ्या व्यवस्थेत मुलगी मात्र कोठेच नव्हती. अमेरिकन मिशनने मुंबईत १८२४ पासून मुलींच्या शाळा चालविल्या होत्या. त्यांची देखरेख फेरारबाईकडे आली. मुलीस अक्षर लागू लागावे आणि तिचे लग्न होऊन ती सासरी जावी, हे तेव्हाच्या सर्वच कन्याशाळांचे दुखणे होते. १८२९ साली आलेल्या मार्गारेट विल्सन ह्यांच्या मुंबईतील शाळा त्यास अपवाद नव्हत्या.

हॉलंडच्या बाईसही गळती भेटली, ती निराळ्या वाटेने. धरणाच्या पाण्याने ह्या माळावर ऊस आणला, आणि उसाने दूरदूरच्या तोडणी टोळ्या आणल्या. डिसेंबरात कोप्यांमधली पाचसात मुले वर्गात येऊन बसली. तिने त्यांची नावे पाठ केली. जानेवारीत फड संपला, टोळी हलली, आणि नावे तेवढी हजेरीच्या वहीत राहिली. ती गुरुजींवर रागावली. गुरुजी शांतपणे म्हणाले, “मॅडम, ही मुलं आमच्याकडे होती तेवढे दिवस होती.” मी शब्दशः भाषांतर केले, पण ते वाक्य तिला तेव्हा कळले असे मला वाटत नाही. मुले पाढे ओरडून म्हणत, तेही तिने बंद करून पाहिले. आठ दिवसांनी पुनः चालू झाले. तेव्हा तीही त्यांत सूर मिळवू लागली.

फेरारबाईविषयी आमच्याकडे दोन टोकांची मते आढळतात. कोणी तिला ऋषितुल्य करतो, कोणी तिचा सारा उद्योग धर्मांतराच्या खात्यावर मांडून मोकळा होतो. ती धर्मप्रसारासाठी आली होती, ह्यात संशय नाही. ते तिने लपविलेही नाही. पण १८३९ मध्ये ती अहमदनगरास गेली व १८६२ साली तेथेच वारली. मधला स्वदेशवास वजा केला तरी तीस वर्षांवर काळ ती ह्या लोकांत राहिली. नगरातील तिच्या शाळा जोतीराव फुले ह्यांनी पाहिल्या आणि त्यानंतर १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे तिच्याकडे घेतल्याचे चरित्रकार सांगतात. फुल्यांनी शाळा घेतली, उपदेश घेतला नाही. आलेल्या शिक्षिकेपासून काय घ्यावे व काय परत करावे, हा निवाडा येथल्या माणसांनी केला. आणि माझ्या मते ह्या इतिहासातील हीच गोष्ट सर्वांत कमी सांगितली जाते.

तीन महिन्यांच्या पाहुणचारातून काय साधते, ह्याविषयी मी साशंक होतो व आहे. तथापि एक प्रसंग सांगितला पाहिजे. एका दुपारी ती बाई परसात बसून रडत होती. आम्ही शिकलेली माणसे सांत्वनाचे इंग्रजी शब्द जुळवीत असता बहिणीच्या सासूबाई उठल्या आणि तिच्याजवळ जाऊन नुसत्या बसल्या. मागाहून मला म्हणाल्या, “अरे, पाणी आलं तेव्हा आम्ही ह्या माळावर आलो. सहा महिने मला विहिरीची वाट सापडेना. परकी जागा म्हणजे काय, ते मला सांगायला नको.” मी हे तिला सांगितले. ती म्हणाली, आमच्या देशात समुद्र हटवून त्या जमिनीवर गावे वसविली आहेत. गावावर पाणी आणल्याचे मी प्रथमच पाहते.

त्या वर्षी पाऊस ओढला होता. ती निघण्याच्या आठवड्यात काठचे पाणी बरेच मागे हटले. मुली तिला चिखलातून जुन्या गावठाणाकडे घेऊन गेल्या. सासूबाईही काठी टेकीत आल्या. एक दगडी ओटा आणि तीन पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. ती जुनी शाळा. बाईने विचारले, येथे कोण शिकवीत असे?

“होते एक. परमुलुखातलेच होते.”

नाव विचारता सासूबाईंनी बराच वेळ आठवून पाहिले. मग म्हणाल्या, “गुरुजीच म्हणायचो आम्ही.”