भेंडीतील केवडारोध व ‘परभणी क्रांती’

जनुकाचे (जीनाचे) कार्य पानावर अनेकदा नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येते. वाटाण्यात ‘अफिला’ हे अप्रभावी जनुक दोन्ही जनकांकडून आले, तर दलांच्या जागी प्रताने (तणावे) येतात. उपपर्णे मात्र पूर्ववत राहतात. परभणी येथे भेंडीत अभ्यासिलेल्या जनुकाचा संबंध पानाच्या आकाराशी नसून पान हिरवे राहण्याशी होता.

भेंडीच्या केवडा रोगात प्रथम शिरा पिवळ्या पडतात व पुढे सर्व पान पिवळे होते. फळे फिकट, लहान व राठ निपजतात. मुंबई इलाख्यातील या रोगाची नोंद कुलकर्णी यांनी १९२४ मध्ये केली. तो व्हायरसजन्य असून पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. उगवणीनंतर ३५ दिवसांच्या आत लागण झाल्यास उत्पन्नात ९४ टक्क्यांपर्यंत घट आढळली आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंग यांनी तयार केलेल्या ‘पुसा सावनी’ या वाणामुळे काही काळ दिलासा मिळाला, परंतु पुढे तोही रोगाला बळी पडू लागला.

लागवडीतील भेंडीत खात्रीचा रोध न उरल्याने वन्य जातींकडे वळणे भाग होते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) एन. डी. जांभळे व वाय. एस. नेरकर यांनी पुसा सावनीचा ॲबेलमॉस्कस मॅनिहॉट या जातीशी संकर केला. पहिल्या पिढीतील संकरज रोगरोधक, पण अंशतः वंध्य होते. पुढील पिढ्यांतील विभाजनावरून हा रोध एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून असल्याचे त्यांनी १९८१ मध्ये दाखविले. मेंडेल यांनी १८६६ मध्ये वाटाण्यावरून मांडलेला नियमच येथे आढळला. इतर संशोधकांनी भेंडीच्या अन्य वाणांत दोन जनुकांचे अनुमान काढले होते.

प्रस्तुत लेखकाच्या मते, जनुक प्रभावी होते हीच या कामातील निर्णायक गोष्ट होय. संकरज पुन्हा भेंडीशी संकरित करताना वन्य जातीचे नको असलेले गुण मागे टाकावयाचे आणि रोध तेवढा राखावयाचा असतो. रोध अप्रभावी असता, तर तो प्रत्येक वेळी दडून राहिला असता व त्याच्या शोधासाठी आणखी एक पिढी खर्ची पडली असती. प्रभावी असल्यामुळे रोगग्रस्त शेतात हिरवी राहिलेली झाडे तेवढी निवडणे पुरेसे झाले. अर्थात वंध्यतेमुळे बी थोडेच मिळे आणि काम चिकाटीचे होते.

या निवडीतून निघालेल्या ‘परभणी क्रांती’ वाणाचे वर्णन १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले व तो महाराष्ट्राबाहेरही पसरला. रोगकारक बेगोमोव्हायरस व त्याच्यासोबत असणारा उपग्रह-डीएनए यांचे स्वरूप २००३ मध्ये स्पष्ट झाले. एका जनुकावर उभा असलेला रोध व्हायरसाच्या बदलत्या प्रकारांपुढे अपुरा पडू शकतो. अनेक भागांत या वाणावरही पुढे केवडा दिसू लागला.