गुंजच्या बायांची सकाळ आणि त्यानंतरचं घड्याळ

4 एप्रिल 2025, शुक्रवार. दिवस उजाडताना
वसमत तालुक्यात हे दिवस हळदीचे. काढणी, शिजवणी, वाळवण, घराघरात पिवळे झालेले हात. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे हेच हात आहेत. त्या सकाळी गुंज गावच्या मजूर बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, आलेगावच्या शिवारात कामाला निघाल्या. ट्रॉली माल वाहायची. माणसाला बसायला बाक नाही, धरायला दांडी नाही.

साडेसातच्या सुमारास
ट्रॅक्टर ट्रॉलीसह पाण्याने भरलेल्या विहिरीत कोसळला.

पहिला तास
तिघे वाचले. सात जणींचा जीव गेला.

अशा वेळी काठावरच्या माणसाचा जीव तुटतो आणि तो पाण्यात उडी घेतो. पोहता येत नसेल तर उडी घेऊ नका. दोर टाका, बाज दोरानं बांधून खाली सोडा. एकानं 112 किंवा 108 ला फोन लावावा आणि गावाचं, शिवाराचं नाव नीट सांगावं. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास थांबला असेल तर पोट दाबत बसू नका. तोंडानं श्वास द्या, छाती दाबत राहा, गाडी येईपर्यंत थांबू नका. आणि सगळ्यात आधी विचारा: ट्रॉलीत कितीजणी होत्या? मुकादमाच्या वहीत नावं असतील तर शोध कुठं थांबवायचा ते कळतं.

त्याच दिवशी
मृतांच्या वारसांना पंतप्रधानांनी 2 लाखांची आणि मुख्यमंत्र्यांनी 5 लाखांची मदत जाहीर केली. ही मदत सरकारनं दिलेली. कायद्यानं मिळणारी भरपाई वेगळी असते, ती मागावी लागते, आणि हेच कित्येक घरांना कुणी सांगत नाही.

48 तास
नियमानुसार पोलिसांनी इतक्या वेळात अपघाताचा पहिला अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. नातेवाइकांनी एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती मागाव्यात. गाडीचा नंबर, मालकाचं नाव, विम्याचा कागद यांचे फोटो काढून ठेवावेत. ट्रॉलीत माणसं बसवली होती म्हणून विमा कंपनी हात वर करू शकते. तरीही मालकाची जबाबदारी संपत नाही. त्या दिवशी लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या यादीत ट्रॅक्टरनं चालणाऱ्या शेतीतला मजूरही होता.

त्या कायद्याचा हिशेब मांडून बघा. तीस वर्षांची बाई, महिन्याची कमाई 9,000 रुपये. कमाईचा निम्मा भाग गुणिले वयाचा 207.98 हा गुणक: 9,35,910 रुपये. पण ती कमाई सिद्ध कशानं करायची? रोज हातात पडणाऱ्या नोटांची नोंद नसते. मजुरांनी तारीख, शेतमालकाचं नाव आणि मिळालेला रोज स्वतःच्या वहीत लिहून ठेवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

30 दिवस
बँकेत वर्षाला 20 रुपये भरून प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढलेला असेल तर अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात. त्याचा दावा या मुदतीत बँकेकडे द्यायचा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेला घरात कुणाच्या तरी नावावर सातबारा लागतो. भूमिहीन मजूर बाई तिच्याबाहेर राहते. हा अन्याय आहे आणि तो दुरुस्त व्हायलाच हवा.

सहा महिने
मोटार वाहन कायद्यात दाव्यासाठी एवढीच मुदत लिहिली आहे. गुंजच्या घरांसाठी ती तारीख होती 4 ऑक्टोबर 2025. तुमच्या गावातून उद्या सकाळी ट्रॉली निघणार असेल, तर आत बसणाऱ्या प्रत्येकीचं नाव आज रात्रीच कागदावर लिहा आणि तो कागद गावात ठेवा.