लेपातला भटका इलेक्ट्रॉन

संगणकाच्या चिपचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. भिंगे, आरसे, लेसर यांची वर्णने पानोपानी येतात. सिलिकॉनच्या चकतीवरचा जो पातळ लेप धुतल्यावर नक्षी उरते, तो ‘रेझिस्ट’ मात्र तळटीपेत राहतो. हा अन्यायच आहे, कारण रेघ किती बारीक उमटेल हे आज त्या लेपात भटकणाऱ्या इलेक्ट्रॉनवरही ठरते.

या इलेक्ट्रॉनची सुरुवातीची नोंद उपद्रव म्हणून झाली. निर्वात नळीत इलेक्ट्रॉनांचा मारा होतो तिथे विद्युतरोधक पापुद्रा धरतो, हे आर. एल. स्टुअर्ट यांनी १९३४ साली प्रसिद्ध केले. उरलीसुरली सेंद्रिय वाफ तिथे मोडून चिकटत होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करणारे पुढे वर्षानुवर्षे या पुटाला वैतागले. खरे तर ती इलेक्ट्रॉनने केलेली छपाईच होती!

१९६८ साली आयबीएममधील हॅलर, हात्झाकिस आणि श्रीनिवासन यांनी तीच करामत मुद्दाम करवून घेतली. लेप होता पीएमएमएचा, म्हणजे दुकानांच्या पाट्यांना वापरतात त्या ॲक्रिलिकचा. इलेक्ट्रॉन शलाका फिरली की त्याच्या लांब साखळ्या तुटतात, आणि तुटके तुकडे द्रावणात लवकर विरघळतात. रेघा सुबक येत, पण काम फार संथ.

वेग आणला तो आम्लाने. १९८०च्या सुमारास आयबीएमच्याच सॅन होजे प्रयोगशाळेत हिरोशी इतो, ग्रँट विल्सन आणि ज्याँ फ्रेशे यांनी लेपात आम्लजनक क्षार मिसळला. प्रकाशाने आम्लाचा एक कण सुटला, की तो लेप तापवताना एकामागून एक अनेक बंध तोडतो. त्या क्षाराला प्रकाश थेट मोडत असे; इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याची गरजच नव्हती.

१३.५ नॅनोमीटरच्या अतिजंबुपार किरणांनी हे चित्र पालटले. त्यांच्या एका प्रकाशकणात ९२ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते. आधीच्या १९३ नॅनोमीटरच्या प्रकाशात जेमतेम ६.४. एवढा दणका बसल्यावर लेपातला कोणताही अणू इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो. तो आणखी काही इलेक्ट्रॉन सोडवतो, आणि दमलेले इलेक्ट्रॉन आम्लजनकाला चिकटून त्याला फोडतात. ओसाका विद्यापीठात सेइइची तागावा आणि ताकाहिरो कोझावा यांनी इलेक्ट्रॉनांचे झटपट स्पंद वापरून ही साखळी उलगडली. त्यातला मला सर्वांत आवडलेला भाग असा: आम्लाचा ऋण भाग येतो फुटलेल्या क्षारातून, तर प्रोटॉन येतो इलेक्ट्रॉन गमावलेल्या बहुवारिकाकडून. एकाच आम्लाचे दोन जन्मदाते, आणि तेही एकमेकांपासून दूर.

अडचण इथेच आहे. इलेक्ट्रॉन थांबेपर्यंत काही नॅनोमीटर भरकटतो, म्हणजे आरशांनी कितीही रेखीव चित्र पाडले तरी लेपात त्याची कड विसकटते. शिवाय तेवढ्याच ऊर्जेत प्रकाशकण चौदापट कमी मिळतात. ते पावसाच्या पहिल्या थेंबांसारखे विरळ पडतात, एखादी जागा कोरडीच राहते. मात्रा वाढवावी तर यंत्राचा वेग घटतो.

म्हणून आता कथिलयुक्त लेप पुढे आले आहेत. कल्हईचे तेच कथिल! त्याचे अणू हे किरण कार्बनपेक्षा कितीतरी जास्त शोषतात. त्यातही कथिल आणि कार्बनमधला बंध तोडण्यात मोठा वाटा सुटलेल्या इलेक्ट्रॉनांचाच असतो.